शोकात्म नायक आणि आत्मपूर्तीचा शोध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी शोकाविषयी बोलावे, हे कोणाला वावगे वाटण्याचा संभव आहे. शुभकार्यात अशुभाचा उच्चार करू नये, असा आपल्याकडे संकेतच आहे. तरीही हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला. पन्नास वर्षे पूर्ण झाली की संस्था काय किंवा माणूस काय, एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. आजवर जे मिळवले, त्याने आपण खरोखर पूर्ण झालो का? हा प्रश्न आपण बहुधा मनातल्या मनात विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा कामाला लागतो. जगाच्या अभिजात साहित्यात मात्र काही व्यक्तिरेखा अशा आहेत की, त्यांनी हा प्रश्न सोडला नाही आणि त्याची जबर किंमत मोजली. त्यांपैकी चौघांची आज आपण भेट घेणार आहोत.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा करतो. मराठीत आपण ‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ हे दोन्ही शब्द वापरतो. पहिल्याचा अर्थ, जिचा अंत शोकात होतो ती; दुसऱ्याचा अर्थ, जिचा आत्माच शोक आहे ती. केवळ शेवटी मृत्यू घडला म्हणून एखादी कृती शोकात्म होत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आपल्या काव्यशास्त्रात या नाट्यप्रकाराचे जे विवेचन केले, त्यात ‘ओळख पटणे’ या घटनेला फार महत्त्व दिले आहे. अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणारे ते संक्रमण आहे. आपल्याकडे यालाच अभिज्ञान म्हणता येईल. कालिदासाच्या शाकुंतलातही अभिज्ञान आहेच. अंगठी सापडते, दुष्यंताला स्मृती येते आणि यथाकाल पुनर्मीलन होते. शोकात्मिकेत अभिज्ञान होते, परंतु गेलेले परत मिळण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

दुसरा शब्द ‘आत्मपूर्ती’. इच्छापूर्ती आणि आत्मपूर्ती यांत आपण नेहमी गल्लत करतो. हवे ते मिळाले म्हणजे इच्छा पुरी होते. माणूस पुरा होतोच असे नाही. आज आपण ज्यांना भेटणार आहोत, त्यांपैकी बहुतेकांच्या मोठमोठ्या इच्छा पूर्ण झालेल्या होत्या. त्यांची कथा तिथे संपत नाही, तिथे सुरू होते.

ज्याला सर्वांचे उत्तर ठाऊक होते

पहिला नायक सोफोक्लीझचा राजा ईडिपस. हे नाटक अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी सुमारे 429 मध्ये रंगभूमीवर आले असावे, असे मानले जाते. थीब्ज नगराला छळणाऱ्या स्फिंक्स या विचित्र प्राण्याचे कोडे ईडिपसने सोडवले आणि नगराने त्याला राजपद दिले. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन पायांवर आणि संध्याकाळी तीन पायांवर चालणारा प्राणी कोणता, असे ते कोडे होते आणि ‘मनुष्य’ हे त्याचे उत्तर होते. मनुष्य म्हणजे काय हे ज्याने जगाला सांगितले, त्या मनुष्याला आपण स्वतः कोण आहोत हे ठाऊक नव्हते. आपले खरे आईवडील कोण, हेही त्याला माहीत नव्हते.

नगरात रोगराई पसरते. आधीच्या राजाचा, लेयसचा, मारेकरी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, अशी देववाणी होते. ईडिपस शोध सुरू करतो आणि हळूहळू त्या शोधाचे टोक त्याच्याकडेच वळते. त्याच्या पत्नीला, योकास्टाला, सत्याचा अंदाज त्याच्या आधी येतो. ती त्याला हात जोडून विनवते की आता पुढे विचारू नकोस. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर तिचा सल्ला चुकीचा नाही. राज्य आहे, मुले आहेत, प्रजेचे प्रेम आहे. जे झाकलेले आहे ते झाकलेलेच राहिले तर कोणाचे काय बिघडले? पण ईडिपस थांबत नाही. ज्याला नकळत मारले तो पिता होता आणि जिच्याशी विवाह केला ती माता होती, हे समजल्यावर तो स्वतःच्या हातांनी आपले डोळे फोडून घेतो.

ईडिपस गर्विष्ठ होता, म्हणून त्याला शिक्षा झाली, असे सोपे तात्पर्य पुष्कळदा सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. तो शीघ्रकोपी आहे, संशयी आहे, हे खरे. परंतु त्याचा सर्वनाश त्याच्या दोषातून जितका येतो, तितकाच त्याच्या सर्वांत मोठ्या गुणातून येतो. तो गुण म्हणजे सत्यनिष्ठा. खोट्या आधारावरचे सुख आणि उद्ध्वस्त करणारे सत्य यांतून त्याने सत्य निवडले. पुढे सुमारे नव्वद वर्षांच्या वयात मृत्यू पावलेल्या सोफोक्लीझने आयुष्याच्या अखेरीस याच ईडिपसवर आणखी एक नाटक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी 401 मध्ये, रंगभूमीवर आले. त्यात आंधळा, निर्वासित ईडिपस मुलीचा हात धरून अथेन्सजवळच्या कोलोनस येथील उपवनात येतो. ज्याला सर्वांनी हाकलले, त्याच्या अखेरच्या विसाव्याची भूमी त्या नगराला वरदान ठरेल, असे तिथे सांगितले जाते. सिंहासनावर बसलेल्या ईडिपसपेक्षा हा भिकारी ईडिपस अधिक पूर्ण आहे, कारण आता त्याला आपली ओळख कोणापासून लपवायची नाही.

ज्याने प्रेमाची मोजदाद मागितली

दुसरा नायक शेक्सपिअरचा राजा लिअर. हे नाटक 1606 साली इंग्लंडच्या राजदरबारात सादर झाल्याची नोंद आहे. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकांनाही परिचित आहे. वृद्ध लिअर आपले राज्य तीन मुलींत वाटून द्यायचे ठरवतो. मात्र त्याआधी प्रत्येकीने आपल्यावरचे प्रेम भर दरबारात बोलून दाखवावे, अशी अट घालतो. थोरल्या दोघी शब्दांची उधळण करतात. धाकटी कॉर्डेलिया मात्र कर्तव्याइतके प्रेम आहे, असे साधेपणाने सांगते आणि वारसा गमावते.

लिअरला निवृत्त व्हायचे आहे, पण राजेपणाचा मान सोडायचा नाही. सत्ता दिली तरी शंभर सरदारांचा लवाजमा त्याने राखून ठेवला आहे. मुली तो लवाजमा शंभरावरून पन्नासावर, पन्नासावरून पंचवीसवर आणि अखेरीस शून्यावर आणतात. ज्या मोजमापाने त्याने प्रेम मोजले, त्याच मोजमापाने आता त्याची किंमत कमी होत जाते. मी कोण आहे हे मला कोणी सांगेल का, अशा अर्थाचा प्रश्न तो विचारतो, तेव्हा त्याचा विदूषक त्याला लिअरची सावली म्हणतो.

यानंतर वादळातला तो प्रवेश येतो. उघड्या माळावर पावसात भिजत असताना राजाला आयुष्यात प्रथमच आठवण होते ती छप्पर नसलेल्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या प्रजेची. आपण यांची पुरेशी काळजी केली नाही, ही खंत त्याला वाटते. राजा असताना जे दिसले नाही, ते राज्य गेल्यावर दिसले. पुढे कॉर्डेलियाची भेट होते तेव्हा हा बाप मुलीसमोर गुडघे टेकू पाहतो. दोघांना कैद होते, आणि ज्याला शंभर सरदारांशिवाय जगणे अशक्य वाटत होते, तो आता मुलीसोबत तुरुंगात राहण्याच्या कल्पनेने आनंदित होतो. त्या क्षणी त्याला काहीही कमी नाही. दुर्दैव असे की कॉर्डेलियाला फाशी दिली जाते आणि तिचे प्रेत हातांवर घेऊन तो रंगमंचावर येतो.

हा शेवट लोकांना इतका असह्य झाला की नेहम टेट नावाच्या लेखकाने 1681 मध्ये नाटकाचा शेवट बदलून टाकला. त्यात कॉर्डेलिया जगते, तिचा विवाह होतो आणि लिअरला राज्य परत मिळते. सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर हाच गोड शेवट चालला. प्रेक्षकांना लिअरचे राज्य परत हवे होते. लिअरला स्वतःला मात्र ते नको झाले होते, ही गोष्ट त्या गोड शेवटात हरवून गेली.

आपल्या मराठी रंगभूमीवर 1970 साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेला गणपतराव बेलवलकर घराघरांत पोहोचला. लिअरची छाया या नाटकावर आहे, पण बेलवलकर हा आपल्या मातीतला माणूस आहे. निवृत्तीनंतर मिळकत मुलांना वाटून देणारा बाप, आणि ‘काही तरी जवळ राहू द्या’ असे सुचवणारी समजूतदार कावेरी. ज्याने आयुष्यभर रंगमंचावर राजांच्या भूमिका केल्या, त्याला घरात आश्रिताची भूमिका करता येत नाही. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि दोघे घर सोडतात. शेवटी त्याला आधार मिळतो तो बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराचा. या पोराने त्याच्याकडून ना मिळकत घेतलेली असते, ना त्याचा नटसम्राटपणा पाहिलेला असतो. आपल्या नावाचा आणि दौलतीचा संबंध नसलेल्या माणसाकडून माया मिळावी, हे बेलवलकरचे शेवटचे शिक्षण आहे.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या व्यवसायाची सूत्रे पुढच्या पिढीकडे सोपवली असतील, कोणी सोपवण्याच्या विचारात असतील. या नाटकांचे तात्पर्य ‘मुलांना काही देऊ नका’ असे नाही. देताना आपण काय मागतो, हा त्यांचा प्रश्न आहे. पेढीची किल्ली हातातून सुटते; परंतु ‘विचारल्याशिवाय कोणी पाऊल टाकू नये’ हा आग्रह सुटत नाही. तो आग्रह म्हणजे लिअरचे शंभर सरदारच होत.

जिने एकाच नात्यात सर्व काही मागितले

तिसरी व्यक्तिरेखा टॉलस्टॉयची अ‍ॅना कॅरेनिना. ही कादंबरी 1875 ते 1877 या काळात रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. अ‍ॅना ही उच्चकुलीन, बुद्धिमान, सर्वांना हवीहवीशी वाटणारी स्त्री. पतीचे घर प्रतिष्ठित, पण त्या घरात तिच्या मनाला जागा नाही. व्रॉन्स्की या तरुण अधिकाऱ्यावरच्या प्रेमात तिला आपण प्रथमच जगत आहोत असे वाटते. त्यासाठी ती घर सोडते, आणि लाडक्या मुलापासून तुटते. मुलाच्या वाढदिवशी ती चोरून पतीच्या घरी जाते आणि त्याला छातीशी धरते, तो प्रसंग वाचताना तिचा न्यायनिवाडा करण्याची वाचकाची इच्छाच उरत नाही. समाज व्रॉन्स्कीला सामावून घेतो, तिला मात्र बहिष्कृत करतो. सगळे गमावल्यामुळे एका माणसाच्या प्रेमावर तिच्या अस्तित्वाचा सगळा भार येतो. इतका भार कोणत्याही प्रेमाला पेलत नाही. संशय वाढतो, कटुता येते आणि आगगाडीखाली तिचा अंत होतो. त्या शेवटच्या क्षणी तिला भान येते, आपण हे काय करीत आहोत असा प्रश्न पडतो, ती उठू पाहते. पण वेळ टळून गेलेली असते.

टॉलस्टॉयने तिच्या शेजारी लेव्हिन नावाचा दुसरा शोधक उभा केला आहे, हे विसरता कामा नये. लेव्हिनला जमीन आहे, मनासारखी पत्नी आहे, मूल आहे. तरीही जीवनाचा अर्थ न सापडल्यामुळे, आपण गळफास घेऊ या भीतीने तो दोर लपवून ठेवतो. ज्याला सर्व मिळाले तो आणि जिचे सर्व गेले ती, दोघेही एकाच काठावर उभे आहेत. लेव्हिन वाचतो, एका साध्या शेतकऱ्याच्या बोलण्यातून त्याला वाट दिसते. अ‍ॅनाच्या वाट्याला असे कोणी येत नाही. तिला दोष देण्यापूर्वी, तिच्याशी दोन शब्द बोलणारे माणूस तिच्या समाजात का नव्हते, हेही विचारायला हवे.

ज्याचा पश्चात्ताप युद्धानंतरसाठी राखून ठेवलेला होता

चौथा नायक आपल्या परंपरेतला आहे. प्राकृत भाषेतील विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे जैन रामकथेचे आद्य महाकाव्य. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान तो मानला जातो. याची भाषा जैन महाराष्ट्री प्राकृत आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांशी तिचे जवळचे नाते आहे. पुढे सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी हीच परंपरा संस्कृत ‘पद्मचरिता’त नेली.

या परंपरेतील रावण दहा तोंडांचा राक्षस नाही. तो विद्याधर वंशातील पराक्रमी आणि जिनभक्त राजा आहे. बालपणी गळ्यात घातलेल्या रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. नको म्हणणाऱ्या परस्त्रीवर कधीही बळजबरी करणार नाही, असे व्रत त्याने अनंतवीर्य मुनींसमोर घेतले आहे आणि सीतेला पळवून आणल्यानंतरही ते व्रत त्याने मोडलेले नाही. म्हणजे हा माणूस पूर्णपणे अंध नाही. त्याच्यात मर्यादा आहे, आणि तीच मर्यादा ओलांडणारी आसक्तीही आहे.

युद्ध ऐन भरात असताना तो बहुरूपिणी विद्या साध्य करतो आणि आपले सामर्थ्य सांगण्यासाठी सीतेकडे जातो. रामाच्या संभाव्य मृत्यूच्या विचाराने सीता मूर्च्छित होऊन पडते. ते पाहून रावणाच्या मनात एकाएकी पालट होतो. परस्परांवर इतके प्रेम करणाऱ्या या जोडप्याची आपण ताटातूट केली, आपल्या कुळाला डाग लावला, याची त्याला तीव्र जाणीव होते. सीतेला परत करण्याचा निश्चय तो करतो. हेच त्याचे अभिज्ञान.

परंतु त्याच क्षणी दुसरा विचार येतो. आता सीता परत दिली तर लोक म्हणतील, रावण भ्याला. म्हणून आधी राम-लक्ष्मणांना युद्धात जिंकायचे, बंदी करायचे आणि मग मोठ्या मनाने सीता त्यांच्या स्वाधीन करायची, असे तो ठरवतो. दुसऱ्या दिवशी युद्ध होते. त्याने लक्ष्मणावर सोडलेले चक्र लक्ष्मणाच्याच हाती येते आणि त्याच चक्राने रावणाचा अंत होतो.

शोकात्मतेचे इतके सूक्ष्म चित्र मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. ईडिपसला सत्य उशिरा कळले. लिअरला आणि अ‍ॅनालाही उशिरा कळले. रावणाला मात्र वेळेत कळले होते. अशोकाच्या सावलीत बसलेली सीता समोर होती, निश्चय झालेला होता, अडवणारे कोणी नव्हते. त्याने फक्त एका युद्धापुरता विलंब केला. त्याला चांगलेच व्हायचे होते, पण जिंकल्यानंतर.

बंधू-भगिनींनो, हा ‘जिंकल्यानंतर’ आपल्या घरांत किती ठिकाणी दबा धरून बसलेला असतो! भावाशी मिळकतीचा दावा चाललेला आहे. त्याचे म्हणणे रास्त आहे हे मनाला पटले आहे. पण निकाल आधी आपल्या बाजूने लागू दे, मग त्याचा वाटा मी स्वतः होऊन देईन, असे आपण म्हणतो. सुनेशी, जावयाशी, जुन्या भागीदाराशी बोलणे तुटलेले आहे. चूक आपली आहे हे ठाऊक आहे. पण पहिला निरोप तिकडून आला पाहिजे. पर्युषण पर्वानंतर आपण सर्वांची क्षमा मागतो. ज्यांच्याशी भांडण नाही अशा शेकडो जणांना क्षमापनेचा संदेश जातो आणि जिथे खरोखर क्षमा मागायची आहे ते एक दार तेवढे वगळले जाते. त्या दाराशी जाणे म्हणजे हरणे, असे आपल्याला वाटते. रावणालाही तसेच वाटले होते.

या चौघांचा शोध एकच होता, असे मी म्हणणार नाही. ईडिपसला सत्य हवे होते, लिअरला माया, अ‍ॅनाला जिवंतपणा आणि रावणाला कीर्ती. यांपैकी एकही मागणे क्षुद्र नाही. त्यांनी आपली पूर्तता दुसऱ्याच्या हाती ठेवली होती: कोणी प्रजेच्या, कोणी मुलींच्या, कोणी प्रियकराच्या, कोणी लोकांच्या बोलण्याच्या. ज्या क्षणी त्यांना स्वतःचे खरे रूप दिसले, त्या क्षणी ते मोठे झाले. म्हणूनच शतके उलटली तरी आपण त्यांना विसरलो नाही.

पाश्चात्त्य शोकात्मिका बहुधा मृत्यूपाशी थांबते. आपल्या परंपरेत रावणाची कथा तिथे थांबत नाही. तो प्रतिवासुदेव आहे, कर्मानुसार नरकात जातो. परंतु देवलोकात गेलेली सीता पुढे त्याला बोध करण्यासाठी तिथवर जाते, असे पुराण सांगते, आणि भविष्यकाळी तो तीर्थंकर होईल, असेही सांगते. जिच्यावर अन्याय झाला, तिनेच अन्याय करणाऱ्याच्या उद्धाराची चिंता वाहावी, ही कल्पना मला फार मोठी वाटते. कोणत्याही जीवाचा हिशेब कायमचा मिटवलेला नसतो, हा त्यातला विश्वास आहे. मात्र जे काम एका संध्याकाळी, अशोकवनात, दोन वाक्यांत होण्यासारखे होते, त्यासाठी रावणाला किती जन्मांचा फेरा पडला, हेही त्याच पुराणात लिहिलेले आहे.

संस्थेने पन्नास वर्षांत वास्तू उभारल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, अडल्यानडल्यांना हात दिला, हे आपल्या सर्वांच्या अभिमानाचे आहे. पुढील वाटचालीत या ग्रंथालयात ही नाटके, ही कादंबरी आणि विमलसूरींचे ते काव्य एकाच कपाटात शेजारी शेजारी असावे, आणि आपल्या तरुणांनी ती वाचावीत, अशी माझी विनंती आहे. 

जय जिनेंद्र.